जेपीजीचं पीएनजी केल्याने फोटो सुधारत नाही

भरतीचे फॉर्म सुटले की सोलापुरात नवी पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंत झेरॉक्सच्या दुकानांत एकच घाई: फोटो 50 केबीच्या आत बसवा. तो धूसर झाला की कुणीतरी हमखास सुचवतं, ‘पीएनजी करा, क्लिअर होईल.’ होत नाही. आणि का होत नाही, ते गणित फार सुंदर आहे.

जेपीजी हे फोटो लहान करून साठवण्याचं 1992 चं मानक; पीएनजी हा साठवण्याचा दुसरा प्रकार. ते चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येकातल्या 64 आकड्यांवर (दर पिक्सेलच्या उजेडाचा एक) डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म चालवतं. बंगळुरूत जन्मलेले नसीर अहमद यांनी सहकाऱ्यांसह 1974 मध्ये ही पद्धत मांडली. आता हातात नवे 64 आकडे येतात: चौकोनात संथ चढउतार किती, जलद किती. एकरंगी चौकोनात फार तर एक आकडा उरतो, बाकी 63 शून्य. सोलापुरी चादर जवळून टिपली, तर विणीत जलद चढउतारच भरपूर. म्हणून तेवढ्याच मापाच्या कोऱ्या भिंतीच्या फोटोपेक्षा तिची फाइल कितीतरी जड.

खरी कात्री पुढे लागते. प्रत्येक आकड्याला कोष्टकातल्या भाजकाने भागून उत्तर पूर्णांकात आणतात. क्वालिटी (फोटो किती दाबायचा ते ठरवणारा आकडा) 50 असतानाच्या नेहमीच्या कोष्टकात पहिल्या ओळीतला तिसरा भाजक 10, शेवटच्या कोपऱ्यातला 99. दोन्ही जागी 37 आहे असं धरा. 37 भागिले 10 म्हणजे 3.7, त्याचे 4. फाइल उघडताना पुन्हा 10 ने गुणून 40 मिळतात, जवळपास बरोबर. 37 भागिले 99 म्हणजे 0.37, त्याचं शून्य. शून्याला 99 ने गुणून 37 कसे येणार? पीएनजी काहीच गाळत नाही, त्यामुळे झालेलं नुकसानही इमानेइतबारे जपतं. वर फाइल फुगते. ‘एआयने एचडी’ करून देणारे ती जागा अंदाजाने भरतात. मार्कशीटवरचा पुसट आकडा 3 की 8, हे अंदाजाने ठरू देऊ नका.

त्यापेक्षा मोफत मिळणारा इमेजमॅजिक हा प्रोग्राम वापरा. टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) इंग्रजीत ‘मॅजिक’ (magick), मूळ फाइलचं नाव, ‘-रिसाइझ 400’ (-resize 400, म्हणजे रुंदी 400 पिक्सेल), ‘-क्वालिटी 80’ (-quality 80), शेवटी नवं नाव. आधी माप कमी करा, तरीही नाही बसला तरच क्वालिटीला हात लावा. सगळं आपल्याच मशीनवर होतं, आधार कार्ड अनोळखी साइटवर चढवावं लागत नाही. पीडीएफ करायची तर ‘आयएमजीटूपीडीएफ’ (img2pdf) हे साधन बरं: ते जेपीजी जशीच्या तशी आत ठेवतं, भागाकार दुसऱ्यांदा होत नाही. पुढे कधी तीच जेपीजी हवी झाली, तर ‘पीडीएफइमेजेस’ (pdfimages) या आज्ञेला ‘-ऑल’ (-all) जोडून ती तशीच बाहेर काढता येते.