आयसीयूतले खोटे अलार्म

पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: आत मशीन एवढं वाजतंय, मग सिस्टर धावत का जात नाहीत? प्रश्न रास्त आहे.

२०१४ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच अतिदक्षता विभाग, ७७ खाटा, ३१ दिवस. एवढ्यात मॉनिटरांनी २५ लाखांहून जास्त इशारे नोंदवले. नुसते ऐकू येणारे अलार्म धरले तरी दर खाटेमागे दिवसाला १८७! हृदयाची लय बिघडल्याचे जे अलार्म जाणकारांनी एकेक करून तपासले, त्यांतले ८८.८ टक्के खोटे निघाले. इतक्या आवाजात कुणाचाही कान बधिर होईल. आणि खरा अलार्मही याच गर्दीत वाजत असतो.

मॉनिटर चुकतो, कारण त्याच्या हाती येणारा संकेत फार नाजूक असतो. छातीवरच्या इलेक्ट्रोडपर्यंत पोचणारा हृदयाचा विद्युतदाब जेमतेम एक मिलिव्होल्ट. त्यात भिंतीतल्या वायरिंगची ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० हेलकाव्यांची, गुणगुण मिसळते, श्वासाबरोबर ईसीजीची रेघ वरखाली डुलते, रुग्ण कुडकुडला की स्नायूंची वीजही येऊन मिळते. पण प्रत्येकाची गती वेगळी. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर उभं राहिलं की ढोलाचा खर्ज आणि ताशाची तडतड आपला कान वेगवेगळी ओळखतो. मॉनिटरमधला फिल्टर, म्हणजे संकेत गाळणारी चाळणी, गणिताने तेच करतो.

असं गाळून ठोके ओळखण्याची एक पद्धत जियापू पॅन आणि विलिस टॉम्पकिन्स या संशोधकांनी १९८५ साली मांडली. साधारण ५ ते १५ हर्ट्झचा पट्टा ठेवायचा, बाकीचं गाळायचं. मग रेघ किती वेगाने चढते-उतरते ते काढायचं आणि त्या आकड्याचा वर्ग करायचा. ठोक्याचं टोक तीव्र चढाचं असल्यामुळे ते वर्गाने उठून दिसतं, बारीकसारीक थरथर दबून जाते. शेवटी दीडशे मिलिसेकंदांच्या खिडकीत सरासरी घेऊन ती एका मर्यादेशी ताडायची, आणि ही मर्यादा त्या-त्या रुग्णाच्या ठोक्यांप्रमाणे सरकत राहते. इतक्या थोड्या गणितात इतकं काम करणारी युक्ती मला आजही सुंदर वाटते.

तरीही रुग्णाने दात घासताना हात हलवला, तर इलेक्ट्रोड अशा लयीत हलतात की पडद्यावर जीवघेणी जलद लय दिसावी. इथे गडबडीची गती हृदयासारखीच असते, एकटा फिल्टर काय करणार? मग दुसरा साक्षीदार हवा. ईसीजी म्हणतो हृदय थांबलं, पण बोटावरच्या ऑक्सिमीटरची लाट नियमित चालू आहे, तर बहुधा लीड, म्हणजे इलेक्ट्रोडची वायर, निघाली आहे. खोटे अलार्म ओळखण्याची एक खुली स्पर्धा २०१५ साली फिजिओनेट या संस्थळाने घेतली. खरा अलार्म दाबला गेला, तर खोटा वाजू दिल्याच्या पाचपट दंड होता. आयसीयूत हाच हिशेब योग्य.

तो ऑक्सिमीटरही अशाच एका गडबडीतून जन्मला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये ताकुओ आओयागी रक्तात रंगद्रव्य सोडून हृदयाचा प्रवाह मोजत होते. नाडीचे हेलकावे मोजमाप बिघडवत. ते पुसताना त्यांच्या लक्षात आलं, की फक्त हेलकावणारा भाग धरला तर तो धमनीतल्या रक्ताचाच असतो. कातडी, हाडं आपोआप वजा होतात. म्हणून बोटातून सोडलेल्या लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या हेलकाव्यांच्या गुणोत्तरावरून ऑक्सिजन कळतो. कोरोनात घरोघरी आपण हाच आकडा पाहत होतो.

पण हा आकडा सर्वांसाठी सारखा खरा नसतो. ऑक्सिजन धोकादायक उतरूनही ऑक्सिमीटरने ठीक दाखवण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट आढळल्याचं अमेरिकेतल्या एका अभ्यासाने २०२० साली दाखवलं. ठोके ओळखणाऱ्या पद्धती ज्या नोंदींवर वर्षानुवर्षं पारखल्या गेल्या, त्यांतली सर्वांत प्रसिद्ध मालिका बॉस्टनच्या रुग्णांची आहे.

आपल्या सावळ्या कातडीच्या, आपल्या आजारांच्या रुग्णांचे संकेत, नावं वगळून आणि संमती घेऊन, इथेच जमवायला हवेत. पुण्यात संगम पुलाच्या एका बाजूला सीओईपी हे अभियांत्रिकीचं विद्यापीठ आहे, पलीकडे थोड्याच अंतरावर ससून रुग्णालय आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय. संकेत समजणारे आणि रुग्ण समजणारे इतके शेजारी असलेली शहरं फार नाहीत. सुरुवात अलार्मच्या नोंदी एकत्र बसून तपासण्यापासून करता येईल.