कॅम्प म्हणजे कॅम्प नसतो: अम्मानचा वेगळा, बैरुतचा वेगळा

पॅलेस्टाईनची बातमी आली की आमच्या ग्रुपवर एक ठरलेला फोटो फिरतो. अरुंद बोळ, डोक्यावर वायरींचं जाळं, मधोमध एखादं पोरगं, आणि खाली कॅप्शन 'पॅलेस्टिनी निर्वासित छावणी', कुठल्या देशातली ते काही नसतंच. मग एक जण म्हणतो बिचारे पंचाहत्तर वर्षं तंबूत राहतायत, दुसरा म्हणतो कसले बिचारे, नागरिकत्व मिळालंय, मतं देतात, सगळी नाटकं आहेत, आणि हे रात्री साडेअकरापर्यंत चालतं. गंमत म्हणजे दोघंही अर्धे बरोबर असतात, कारण एकाच्या डोक्यात लेबनन असतं आणि दुसऱ्याच्या डोक्यात जॉर्डन, फक्त हे त्यांचं त्यांनाच माहीत नसतं. हे उत्तर मी इतक्यांदा टाईप केलंय की आता एकदाच नीट लिहून ठेवतो, पुढच्या वेळी नुसतं चिकटवायचं.

१९४८ तुम्हाला माहितीये, त्यामुळे पटकन. इस्रायल स्थापन झालं त्या वेळच्या युद्धात सात लाखांहून जास्त पॅलेस्टिनी माणसं घरं सोडून पळाली किंवा हाकलली गेली, ते लोक त्याला नकबा, म्हणजे महासंकट, म्हणतात. त्यांच्यासाठी युनोने वेगळी संस्था काढली, युएनआरडब्ल्यूए, ती १९५० पासून काम करतेय. आज तिच्याकडे नोंदणी साधारण ५९ लाखांची आणि मान्यताप्राप्त कॅम्प ५८, त्यातले १० जॉर्डनमध्ये, १२ लेबननमध्ये, बाकीचे सीरिया, वेस्ट बँक आणि गाझात. नोंदलेल्यांपैकी कॅम्पात राहणारे एक तृतीयांशसुद्धा नाहीत, बाकीचे शहरांत गावांत चारचौघांसारखे भाड्याने नाहीतर स्वतःच्या घरात राहतात.

तंबूंचं एकदा मिटवून टाकू. अम्मानच्या उत्तरेला बकआ नावाचा जॉर्डनमधला सगळ्यात मोठा कॅम्प आहे, तो १९६७ च्या युद्धानंतर, १९६८ मध्ये उभा राहिला तेव्हा खरंच पाच हजार तंबू होते. दोन-तीन वर्षांत तिथे पत्र्या-फळ्यांच्या खोल्या आल्या, मग लोकांनी स्वतःच विटा-सिमेंट आणून भिंती घातल्या, मग वर मजला, मग त्याच्यावर अजून एक. आज तिथे लाखावर माणूस आहे आणि जागा तेवढीच, दीड चौरस किलोमीटरच्या आत. गाझात ऑक्टोबर २०२३ नंतर दिसणारे तंबू खरे आहेत, पण ती नव्याने उद्ध्वस्त झालेल्या लोकांची वेगळी गोष्ट आहे, ते फोटो जॉर्डन-लेबननच्या चर्चेत आणून घोळ घालू नका.

आणि हो, 'युएनआरडब्ल्यूए कॅम्प चालवते' हे वाक्य माझ्या डोक्यात जातं. ती शाळा चालवते, दवाखाने चालवते, कचरा उचलते. जमीन तिची नाही, पोलीस तिचे नाहीत, कायदा तर अजिबातच तिचा नाही. जमीन त्या देशाच्या सरकारची किंवा सरकारने स्थानिक मालकाकडून भाड्याने घेतलेली असते, आणि राहणाऱ्याला फक्त वापरायचा हक्क. इथपर्यंत दोन्ही देशांत सारखंच.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे 'निर्वासित' म्हटलं की आपोआप 'ज्याला देश नाही तो' असा अर्थ डोक्यात येतो, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पॅलेस्टिनी लोकांच्या बाबतीत निर्वासित असणं ही युएनआरडब्ल्यूएच्या रजिस्टरमधली नोंद आहे. १ जून १९४६ ते १५ मे १९४८ या काळात ज्याचं राहतं घर पॅलेस्टाईनमध्ये होतं आणि युद्धात ज्याचं घर आणि पोटापाण्याचं साधन दोन्ही गेलं तो, आणि पुढे बापाच्या बाजूने त्याची मुलंनातवंडं. त्या माणसाकडे आज कुठल्या देशाचं नागरिकत्व आहे की नाही याच्याशी या नोंदीचा संबंध नाही. म्हणजे एकच माणूस नोंदणीकृत निर्वासितही असतो आणि पूर्ण नागरिकही, यात काही लबाडी नाही, दोन वेगवेगळ्या प्रश्नांची दोन उत्तरं आहेत एवढंच.

जॉर्डनमध्ये नेमकं हेच झालं. १९५० मध्ये जॉर्डनने वेस्ट बँक आपल्याला जोडून घेतली आणि १९५४ च्या कायद्याने तिथल्या पॅलेस्टिनी लोकांना, निर्वासितांसकट, नागरिकत्व दिलं. आज तिथे वीस लाखांहून जास्त नोंदणीकृत निर्वासित आहेत आणि त्यातले बहुतेक जण जॉर्डनचे नागरिक. पासपोर्ट आहे, मत आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'रकम वतनी' आहे. शब्दशः राष्ट्रीय क्रमांक, साधारण आपल्या आधारसारखा वाटेल, पण आधारने नागरिकत्व सिद्ध होत नाही आणि रकम वतनीने होतं. अम्मानमधल्या वहदात कॅम्पात तुम्ही चालत शिरलात तर कॅम्प कुठे सुरू झाला ते कळणारसुद्धा नाही, भाजी स्वस्त म्हणून अख्ख्या शहरातून लोक तिथल्या बाजारात येतात. गर्दी आहे, गरिबी आहे, शाळा दोन पाळ्यांत भरतात, हे सगळं आहेच. पण तिथल्या पोराने इंजिनियरिंग केलं तर तो इंजिनियर होतो, आणि पैसे साठले की कॅम्प सोडून दुसरीकडे फ्लॅट घेतो.

आता तोच पोरगा लेबननमध्ये, बैरुतच्या बुर्ज अल-बराजने कॅम्पात ठेवा. समजा पॅलेस्टाईनमधल्या याफा बंदरातले दोन सख्खे भाऊ होते, १९४८ मध्ये एक होडीने बैरुतला गेला आणि दुसरा रस्त्याने रामल्ला करत अम्मानला पोचला. हे नातू त्यांचे, आडनाव एक, मार्कही एकसारखेच समजा. बैरुतचा नातू इंजिनियरची डिग्री घेऊ शकतो, त्याला कोणी अडवत नाही, पण इंजिनियर म्हणून कायदेशीर काम करायचं तर इंजिनियरांच्या संघटनेचं सदस्यत्व लागतं आणि ते लेबनीज माणसाला, किंवा ज्याचा देश लेबनीज माणसाला तसाच हक्क देतो त्याला. याचा देश कुठला? हीच खरी मेख आहे, परस्परांची अट घालायची अशा माणसाला की ज्याच्या मागे सरकारच नाही. डॉक्टर, वकील यांचंही तेच. मग तो कुठल्यातरी साईटवर सुपरवायझर म्हणून लागतो, काम इंजिनियरचं करतो, सही दुसऱ्याची असते आणि पगार अर्थातच सहीवाल्याचा नसतो. २०१० मध्ये लेबननने कायदा जरा सैल केला, वर्क परमिटची फी माफ केली, पण या संघटनांवाल्या व्यवसायांना हात लावला नाही. सोशल सिक्युरिटीचं तर अजबच, हप्ता पूर्ण भरायचा आणि त्यातून मिळणार फक्त नोकरी संपल्यावरची रक्कम, आजारपण-बाळंतपणाचा लाभ नाही.

घर तर त्याहून वाईट. २००१ चा कायदा आहे, त्यात पॅलेस्टिनी हा शब्द कुठेही नाही, फक्त एवढंच म्हटलंय की मान्यताप्राप्त देशाचं नागरिकत्व नसलेल्याला स्थावर मालमत्ता घेता येणार नाही. नाव न घेता बरोबर नेम धरलाय. ज्यांनी त्याआधी फ्लॅट घेतला होता त्यांच्या मुलांच्या नावावर तो चढत नाही. मग लोक ओळखीच्या लेबनीज माणसाच्या नावावर घर घेतात आणि पुढे नशीब, त्याची नियत फिरली की बोंबला.

त्यामुळे जो पैसे कमावतो तोही कॅम्पात अडकतो आणि कॅम्प वर वर चढत जातो. त्या फोटोतल्या वायरी इथल्या आहेत. बुर्जमध्ये विजेच्या वायरी आणि पाण्याचे पाईप एकाच गुंत्यात डोक्यावरून गेलेत, पाईप ठिबकतात, आणि पावसाळ्यात शॉक लागून माणसं मेलीयेत, एकदा नाही, अनेकदा. नळाचं पाणी खारट म्हणून प्यायचं पाणी कॅनने विकत आणायचं. दक्षिणेतल्या कॅम्पांत सिमेंटची गोणी आत न्यायची तरी लष्कराची परवानगी लागते. सिडोनजवळच्या ऐन अल-हिलवेला तर भिंत आणि टेहळणी मनोरे आहेत, गेटवर सैनिक ओळखपत्र बघतो आणि मग आत सोडतो. आत मात्र लेबननचं लष्कर जात नाही, १९६९ च्या कैरो कराराने कॅम्पांचा ताबा पॅलेस्टिनी संघटनांकडे गेला, करार १९८७ मध्ये रद्द झाला पण प्रथा राहिली, आणि मग २०२३ सारखं आतल्या आतच गटांमध्ये गोळीबार झाला की सामान्य माणूस गाद्या डोक्यावर घेऊन पळतो.

एक छोटी गोष्ट माझ्या मते सगळं सांगून जाते. जॉर्डनमध्ये युएनआरडब्ल्यूएची शाळा दहावीपर्यंत, पुढे मुलं सरळ सरकारी शाळेत जातात. लेबननमध्ये संस्थेला अकरावी-बारावीसुद्धा स्वतः चालवावी लागते, कारण सरकारी शाळेत जागा मिळेल याची खात्री नाही आणि खाजगीची फी परवडत नाही. संस्था तीच, दारावरची पाटी तीच, फरक दाराबाहेरच्या देशाचा.

आणि म्हणून नोंदणी आणि प्रत्यक्ष माणसं यांच्यात केवढी तफावत बघा, लेबननमध्ये रजिस्टरवर साडेचार लाखांवर नावं आणि २०१७ च्या शिरगणतीत कॅम्प आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये सापडले पावणेदोन लाखांच्या आत. ज्याला जमलं तो आखातात, जर्मनीत, डेन्मार्कला निघून गेला.

लेबनन असं का वागतं? तिथे सत्ता धर्म-पंथाच्या हिशोबाने वाटलेली आहे, राष्ट्राध्यक्ष मॅरोनाईट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया, आणि हा तोल बिघडेल या भीतीने १९३२ नंतर अधिकृत जनगणनाच नाही. पॅलेस्टिनी बहुतेक सुन्नी. वरून १९७५ चं यादवी युद्ध, त्यात पॅलेस्टिनी संघटनाही उतरलेल्या. त्यामुळे 'तौतीन', म्हणजे कायमचं वसवणं, हा शब्द तिथे शिवीसारखा आहे, संविधानाच्या प्रस्तावनेतच त्याला नकार लिहिलाय. भीती मला समजते. पण इथे जी चलाखी होते ती मला अजिबात पटत नाही: काम करायचा हक्क, फ्लॅट घ्यायचा हक्क, हे सगळं तौतीनच्या पोत्यात कोंबायचं आणि वर म्हणायचं की हे तर तुमच्या मायदेशी परतण्याच्या हक्कासाठीच करतोय. परतायचा मुद्दा युनोच्या ठराव १९४ मध्ये आहे, १९४८ पासून, आणि फ्लॅट घेतल्याने तो पुसला जात नाही. सीरियाने १९५६ मध्येच कायदा करून पॅलेस्टिनी लोकांना नागरिकत्व न देता नोकरी-धंद्यात जवळजवळ सीरियन माणसाइतके हक्क दिले होते. पुढे सीरियाच्या युद्धात दमास्कसच्या यर्मूक कॅम्पाची राख झाली ते वेगळं दुःख, पण कायद्याने जमत नाही असं कोणी म्हणू नये.

ग्रुपवर हमखास येणारं दुसरं वाक्य म्हणजे 'आमचे सिंधी बघा, कॅम्प नंबर चारात आले आणि उल्हासनगर उभं केलं, रडत बसले नाहीत'. अरे बाबा, कष्ट केलेच त्यांनी, प्रश्नच नाही. पण ते आले त्या देशाने त्यांना नागरिक म्हणून घेतलं, मत दिलं, मागे राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईचा १९५४ मध्ये कायदा केला. तुलना करायचीच तर वहदातशी करा, बुर्जशी नको.

जॉर्डन म्हणजे स्वर्ग असंही नाही. १९८८ मध्ये राजे हुसेन यांनी वेस्ट बँकेशी संबंध तोडले आणि तिथे राहणाऱ्यांचं नागरिकत्व एका फटक्यात गेलं. त्यानंतर जॉर्डनमध्येच राहणाऱ्या, पण वेस्ट बँकेत मुळं असलेल्या लोकांचेही रकम वतनी काढून घेतले गेले, २००४ ते २००८ या काळात २७०० हून जास्त. माणूस कुठल्यातरी साध्या कामाला खिडकीवर जायचा, लायसन्स म्हणा, पासपोर्टचं नूतनीकरण म्हणा, आणि समोरचा सांगायचा तुम्ही आता जॉर्डनचे नाही.

तरी अजून कोणाला वाटत असेल की हा दोन देशांच्या स्वभावाचा फरक आहे, जॉर्डन दिलदार आणि लेबनन कोता, तर त्याने जेरश कॅम्प बघावा. जॉर्डनमध्येच, रोमन खांब बघायला टुरिस्ट जातात त्या जेरशपासून पाचेक किलोमीटरवर. लोक त्याला गाझा कॅम्प म्हणतात, कारण १९६७ च्या युद्धात गाझातून आलेल्या साडेअकरा हजार लोकांसाठी तो १९६८ मध्ये उभारला. १९५४ च्या कायद्याच्या वेळी हे लोक जॉर्डनच्या नव्हे, इजिप्तच्या ताब्यातल्या गाझात होते, म्हणून नागरिकत्व नाही. हातात तात्पुरता पासपोर्ट, वर्षानुवर्षं दोन वर्षांच्या मुदतीचा, त्यावर रकम वतनी नाही. प्रवासाचा कागद तो, त्याने माणूस जॉर्डनचा होत नाही. सरकारी नोकरी नाही, विद्यापीठात फी परदेशी विद्यार्थ्याची, कितीतरी व्यवसाय बंद, घरांवर अजून ॲस्बेस्टॉस आणि जस्ताचे पत्रे. जॉर्डनमधल्या दहा कॅम्पांत सगळ्यात गरीब तोच, आणि अम्मानहून तासाभराच्या अंतरावर राहून तो बैरुतच्या कॅम्पांच्या जास्त जवळचा आहे. जेरशच्या पोराने बकआतल्या मुलीशी लग्न केलं तर बायको पूर्ण जॉर्डनची नागरिक, मत देणारी, पण जॉर्डनमध्ये आईकडून नागरिकत्व उतरत नाही, त्यामुळे त्यांच्या मुलांनाही बापाचाच कागद.