चरी ते जासई: दि. बा. पाटलांच्या मागे उभी असलेली जमीन

१० जून २०२१ रोजी नवी मुंबईच्या नव्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्या, म्हणत उरण-पनवेलची माणसे भर पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला साखळी करून उभी राहिली. बाहेरून येऊन इथे स्थायिक झालेल्या अनेकांना तेव्हा प्रश्न पडला, हे पाटील कोण? जासईच्या शेतकरी घरात १९२६ साली जन्मलेला मुलगा, वकील, पनवेलचा आमदार, विधानसभेतला विरोधी पक्षनेता, दोनदा खासदार, एवढे सांगून या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही. त्यासाठी आधी खारेपाटातल्या बांधावर जावे लागते.

उरण, पनवेल, पेण, अलिबागची खाडीकाठची भातशेती समुद्राला मागे सारून मिळवलेली आहे. खाडीच्या बाजूने मातीचा बांध, आत भात, आणि पावसाचे जादा पाणी ओहोटीला बाहेर सोडायला उघाडी. उधाणात बांधाला खांड पडली की खारे पाणी आत शिरते, मग त्या जमिनीत पुढचे पीकही धड येत नाही. म्हणून खांड गेल्याची हाक आली की रात्र असो, पाऊस असो, गाव कमरेएवढ्या चिखलात उतरायचे आणि ढेकळे हातोहात पुढे जायची. ही मेहनत कुळांची, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांची. कागदावर मात्र जमीन खोताची, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची, नाहीतर सावकाराची, आणि खळ्यावरून निम्मे किंवा त्याहून जास्त भात त्याच्या घरी जायचे.

याच अन्यायावर अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी सभा भरली. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांनी ठरवले, खोताची जमीन कसायची नाही. संप सुमारे सहा वर्षे चालला. भाताच्या कोठारात राहणारी माणसे डोंगरातून लाकूडफाटा आणून विकत होती, मिळेल त्यावर दिवस काढत होती, पण नांगर धरला नाही. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. १९३७ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. कुळाला कूळ म्हणून कायद्याचे संरक्षण मिळण्याची सुरुवात १९३९ च्या कायद्याने झाली, पुढे १९४८ चा कूळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ या दिवसापासून कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला.

त्याच १९५७ साली दि. बा. पहिल्यांदा विधानसभेत गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तुरुंग भोगलेला, शेतकरी कामगार पक्षाचा हा तरुण वकील. मला हा योग फार महत्त्वाचा वाटतो. ज्या मतदारांनी त्यांना पाठवले, त्यांच्यातल्या कित्येकांच्या सातबाऱ्यावर स्वतःचे नाव नुकतेच लागत होते. जमिनीची किंमत अजून हप्त्याने फेडायची होती.

आणि जेमतेम तेरा वर्षांनी, १९७० पासून, नवी मुंबई या नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरणच्या ९५ गावांची जमीन संपादनाखाली येऊ लागली. आजोबांनी बांध घातला, बापाने मालकी मिळवली आणि मुलाच्या हाती नोटीस पडली, अशी घरे आमच्याकडे गावोगाव आहेत. मोबदल्याचे दर ऐकून माणसे हबकली. पैसे घेऊन बाजूला व्हा, एवढेच शासनाचे म्हणणे होते. दि. बां.चे म्हणणे वेगळे होते: शहर आमच्या जमिनीवर उभे राहणार असेल, तर त्या शहरात आमचाही वाटा हवा. मध्ये आणीबाणी आली, ते तुरुंगात गेले, १९७७ मध्ये कुलाब्यातून, म्हणजे आजच्या रायगडातून, लोकसभेवर निवडून आले, तरी हा मुद्दा त्यांनी सोडला नाही.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि नवघरच्या परिसरात या मागणीसाठी आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी गेले. त्या वर्षाच्या शेवटी देशभर काँग्रेसची लाट होती, कुलाब्याने मात्र दि. बां.ना पुन्हा लोकसभेत पाठवले.

त्या रक्तातून साडेबारा टक्क्यांची योजना आली: संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत. त्यातले पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा होतात. म्हणजे एकराच्या चाळीस गुंठ्यांमागे हातात साडेतीन गुंठे. आकडा लहान दिसतो, पण त्याने शेतकऱ्याचे शहराशी नाते बदलले. जमीन विकून निघून जाणारा माणूस शहराच्या वाढत्या किमतीत भागीदार झाला. विमानतळाच्या गावांसाठी हाच वाटा पुढे साडेबावीस टक्क्यांवर गेला.

दि. बा. २४ जून २०१३ रोजी गेले. बरोबर आठ वर्षांनी, त्याच तारखेला, हजारो भूमिपुत्रांनी बेलापूरला सिडकोवर, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळावर, धडक दिली. २०२२ मध्ये राज्य सरकारने विमानतळाला त्यांच्या नावाचा ठराव केला. दरवर्षी जानेवारीत जासईला हुतात्म्यांसमोर माणसे जमतात तेव्हा नावाची चर्चा थोडा वेळ होते, मग बोलणे गरजेपोटी बांधलेल्या घरांवर येते. कुटुंबे वाढली, गावठाण वेळेवर वाढवले गेले नाही, म्हणून लोकांनी आपल्याच जुन्या जमिनीवर घरे बांधली आणि कागदावर ती अनधिकृत ठरली.