सुरकुत्यांचं काम पाठवण्याआधी: न्यूट्रल चेहरा एकदा तपासा

"भुवया उचलल्या तरी कपाळावर आठ्या नीट उमटत नाहीत." "पात्र नुसतं उभं असलं तरी वैतागलेलं दिसतं." गेममधल्या 3D पात्रांच्या सुरकुत्यांचं काम सुपूर्द केल्यावर आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी बहुतेक या दोनच, आणि दोन्हींचं मूळ बहुधा एकच असतं. न्यूट्रल, म्हणजे कोणताही हावभाव नसलेला, म्हणून आलेला चेहरा न्यूट्रल नसतो.

पद्धत तुम्हाला ठाऊक आहेच: एक मूळ नॉर्मल मॅप (पृष्ठभाग कुठे कोणत्या दिशेला कलतो ते सांगणारं चित्र, ज्यामुळे खाचा-उंचवटे भासतात), हावभावांचे रिंकल मॅप (सुरकुत्यांचे तसेच मॅप) आणि कपाळ, भुवयांमधली जागा, डोळ्यांचे कोपरे वेगवेगळे हाताळणारे मास्क. ब्लेंडशेपचं (एका हावभावासाठी साठवलेल्या चेहऱ्याच्या आकाराचं) वजन वाढेल तसा शेडर (पृष्ठभाग कसा दिसावा ते ठरवणारा प्रोग्राम) त्या भागातला रिंकल मॅप वर आणतो.

स्कॅनला बसलेला माणूस दिव्यांमुळे डोळे बारीक करतो, भुवया नकळत ताणतो. त्या आठ्या स्कल्प्टमधून (तपशीलवार 3D शिल्पातून) मूळ नॉर्मल मॅपमध्ये बेक होतात, म्हणजे कायमच्या उतरतात, आणि पात्र झोपलं तरी जात नाहीत. मग भुवईचं वजन ० वरून १ वर नेलं, तरी आधीच अर्धवट पडलेली आठी जेमतेम खोल होते. फरक दिसेना म्हणून कोणीतरी रिंकल मॅपची तीव्रता दुप्पट करतं, आणि कपाळ छिन्नीने कोरल्यासारखं होतं. यावर उपाय एकच: स्कल्प्ट साफ करून सगळं पुन्हा बेक करायचं. म्हणजे तुमची मुदत गेली आणि आमचं कामही दुप्पट.

तेव्हा पाठवण्याआधी रंगाचा मॅप काढा, राखाडी मटेरियल लावा आणि कपाळावर एका बाजूने तिरका प्रकाश टाका. समोरच्या प्रकाशात हे दोष लपतात. पात्र वयस्कर असेल तर कायमच्या रेषा राहू द्या, फक्त स्क्रीनशॉटवर खूण करून कळवा.

"सुरकुत्या खऱ्या मेशमध्येच (मॉडेलच्या प्रत्यक्ष जाळीत) का करत नाही?" असंही विचारलं जातं. सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये एका फ्रेमला सगळं मिळून साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, ते एकट्या कपाळावर कोण खर्च करणार? पृष्ठभाग न हलवता फक्त नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) कलते करायची युक्ती संगणक-ग्राफिक्सचे संशोधक जिम ब्लिन यांनी १९७८ मध्येच मांडली, आणि ती अजून पुरते. मर्यादा एवढीच की कडेने पाहिलं तर बाह्यरेषा सपाटच राहते. म्हणून नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतची खोल घडी आम्ही मेशमध्येच करतो. कोटेशनमध्ये ती वेगळी दिसते, ती याचसाठी.

खाचा उंचवट्यांसारख्या दिसल्या तर आधी नॉर्मल मॅपचा हिरवा चॅनेल (वर-खालचा कल सांगणारा) बघा. अनरियल आणि युनिटी ही गेम इंजिनं तो एकमेकांच्या उलट वाचतात, त्यामुळे इंजिन कोणतं ते ऑर्डरमध्येच लिहा. नॉर्मल मॅपवर एसआरजीबीची (रंगाच्या चित्रांसाठीच्या सेटिंगची) खूण ठेवू नका.

न्यूट्रल स्कल्प्ट आधी एकटाच पाठवलात तरी चालेल. तो तपासायचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही. मात्र आमची मंजुरी आल्यानंतर यूव्ही (मॅप मेशवर कुठे बसतो ते ठरवणारी मांडणी) बदलले, तर ते नवीन काम धरलं जाईल.