ओझ्यानं धरलेली कमान

गेल्या महिन्यात गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो फिरत आला. ओसाड कातळावर उभी लाल कमान, मागे बर्फ पडलेले डोंगर आणि खाली मजकूर : ‘अमेरिकेत सापडलं महाभारतकालीन महाद्वार! शास्त्रज्ञही चक्रावले!’ त्याखाली १७ जणांनी हात जोडले होते.

चक्रावण्यासारखं त्यात काही नाही. ही युटा राज्यातल्या आर्चेस नॅशनल पार्कमधली डेलिकेट आर्च. दोन वर्षांपूर्वी मुलीकडे गेलो होतो, तेव्हा या कमानीसमोर बसून मी तिळाचा लाडू खाल्लेला आहे. उंची सुमारे १६ मीटर, म्हणजे पाच मजली इमारतीएवढी. त्या एका पार्कमध्ये अशा लहानमोठ्या २,००० हून जास्त कमानींची नोंद आहे. एका राज्याला महाद्वारं तरी किती लागावीत?

पण मला जास्त बोचलं ते दुसरंच. एका शिकलेल्या पोरानं खाली लिहिलं, ‘काका, हे वाऱ्यानं कोरलेलं आहे.’ हा माझाच विद्यार्थी. भूगोलातल्या ‘वाऱ्याचे कार्य’ या धड्यात भूछत्र खडकाची आकृती फळ्यावर काढून, वाळवंटात सगळी कोरणी वाराच करतो, असं मीच त्याच्या वर्गाला सांगितलं होतं. आर्चेसमध्ये जाईपर्यंत माझीही तीच समजूत होती.

जायच्या आधी मुलगी उन्हाची भीती घालत होती. चंद्रपूरकडच्या माणसाला ऊन काय दाखवता! डेलिकेट आर्चची वाट जाऊन-येऊन जेमतेम ५ किलोमीटर, सावली कुठेच नाही, तरी निभावलं. गारठलो ते संध्याकाळी. तिथे एका दिवसात पारा २२ अंशांनीही खालीवर होतो आणि हिवाळ्यात रात्री पाणी गोठतं. वर्षाचा पाऊस २५ सेंटीमीटरही नाही, आपल्याकडे आषाढातला एखादा आठवडा तेवढा देऊन जातो. तरीही ते सगळं शिल्प पाण्याचं आहे.

कमानीच्या मागे दिसणाऱ्या डोंगरांचं नाव ला साल. स्पॅनिशमध्ये ‘साल’ म्हणजे मीठ. कमानींची कथाही मिठापासूनच सुरू होते. साधारण ३० कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. तो पुन्हा पुन्हा भरला, आटला आणि मागे मिठाचे प्रचंड जाड थर राहिले. त्यांच्यावर पुढे वाळू-गाळाचे थर चढले, त्यांचा खडक झाला. मीठ दाबाखाली टिकून राहत नाही. कणकेचा गोळा तळहातानं दाबला की बाजूनं फुगतो, तसं ते सरकतं आणि वाट मिळेल तिथे वर उचलतं. त्या फुगवट्यानं वरच्या वालुकाश्माला समांतर भेगा पडल्या. भेगांत पाणी शिरलं, भेगा रुंदावल्या आणि एकसंध कातळाच्या पातळ भिंती सुट्या झाल्या, कापलेल्या पावाच्या चकत्या उभ्या ठेवाव्यात तशा. वालुकाश्मात वाळूचे कण चुनखडीसारख्या द्रव्यानं चिकटलेले असतात. पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी तो चिकटा विरघळवतं, गोठलं की फुगून कण सुटे करतं. भिंतीचा पाय असा पोखरत जातो आणि एक दिवस आरपार भोक पडतं. हे भोक एका तरी दिशेनं ३ फूट असलं की पार्कच्या वहीत त्याची कमान म्हणून नोंद होते.

इथपर्यंत कुठल्याही माहितीपत्रकात मिळेल. माझा प्रश्न त्यापुढचा होता. पाणी जर वाळू सुटी करतंय, तर सगळीच भिंत का ढासळत नाही? नेमकी कमानच का उरते?

याचं उत्तर मला घरी परतल्यावर, वाड्याची पडकी भिंत बांधताना मिळालं. आमच्या मिस्त्रीनं पाच विटा दोन टोकांनी दाबून आडव्याच उचलल्या. मधल्या तीन विटांना खालून काहीच आधार नव्हता.

‘मिस्त्री, मधल्या विटा पडत काहून नाही?’

‘दाबून धरल्या ना गुरुजी. हात ढिला केला का पायावर येतीन.’

वालुकाश्माचं नेमकं हेच आहे, आणि ते प्रयोगानं दाखवलं प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या यिरी ब्रुथान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २०१४ साली ‘नेचर जिओसायन्स’मध्ये ते काम छापून आलं. चेक देशात स्ट्रेलेच नावाची वाळूची खाण आहे. तिथल्या वाळूत चिकटा जवळजवळ नाहीच, पण कण एकमेकांत असे अडकलेले की कडा उभा राहतो. त्याचा सुटा तुकडा पाण्यात टाकला तर विरतो. या मंडळींनी तिचे ठोकळे घेतले, वर ओझं ठेवलं आणि खालून पाणी लावलं. कडेची वाळू गळू लागली. ठोकळा बारीक झाला, कमरेत आवळला आणि मग गळणं थांबलं.

का थांबलं? समजा, २ किलोचं ओझं १० चौरस सेंटीमीटरवर बसलं आहे. वाळू गळून क्षेत्रफळ ५ झालं. ओझं तेवढंच, म्हणजे उरलेल्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवरचा दाब दुप्पट. दाब वाढला की कणाकणातलं घर्षण वाढतं, कण घट्ट अडकतात आणि पाणी त्यांना सोडवू शकत नाही. म्हणजे झीज स्वतःच स्वतःला लगाम घालते. अभियंते याला ऋण प्रतिपोषण म्हणतात. पाण्याची टाकी भरली की तरंगता गोळा नळ बंद करतो, ते याच जातीचं.

आता हे भिंतीला लावा. पायथ्याशी खळगी पडली की वरचं वजन सरळ खाली येऊ शकत नाही, ते खळगीला वळसा घालून दोन्ही बाजूंनी उतरतं. खळगीच्या लगेच वरची वाळू त्यामुळे बिनओझ्याची होते. ओझं नाही म्हणजे दाब नाही, दाब नाही म्हणजे पकड नाही : ती गळते. बाजूच्या वाळूवर जास्तीचा भार, ती टिकते. गळत गळत शेवटी उरतो तो वजनाच्या उतरण्याचा रस्ता, आणि त्याचा आकार कमानीचा. खळगी कुठे पडायची हे मात्र भेगा आणि कच्चे थर ठरवतात. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकनं १६७५ मध्ये म्हटलं होतं की टांगलेली साखळी उलटी केली तर उत्तम कमानीचा आकार मिळतो. साखळीत सगळा ताण, उलट्या साखळीत सगळा दाब. (हे त्यानं अक्षरांची उलटापालट करून कोड्यात छापलं, म्हणजे श्रेय आपलं आणि गुपितही आपलं!) आपल्या वावरातली जुनी विहीर पाहा. चुना नाही, सिमेंट नाही, नुसत्या दगडांचं गोल बांधकाम. चहूकडून माती रेटते म्हणूनच ते दगड एकमेकांना धरून असतात.

दगडाला दाब मानवतो, ताण मानवत नाही. कमान फार सपाट आणि बारीक झाली की खालच्या अंगाला ताण येऊ लागतो. तिथली लँडस्केप आर्च सुमारे ९० मीटर लांब आणि मधे अगदी काटकुळी. १ सप्टेंबर १९९१ रोजी तिच्यातून जवळपास १८ मीटर लांबीची शिळा कोसळली. खाली बसलेले लोक कडकड ऐकून पळाले, म्हणून वाचले. तिच्याखाली जाणारी वाट आता बंद आहे, मीही ती कमान लांबूनच पाहिली. वॉल आर्च तर २००८ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री पुरतीच पडली.

असलं काही आपल्याकडे नाही का? सह्याद्रीत आहे. राजगड-रतनगडावर चढलेल्यांना ‘नेढं’ ठाऊक असेल, सुईच्या नेढ्यासारखं कातळातलं आरपार भोक. पण तो बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला खडक, त्याची झिजण्याची तऱ्हा वेगळी. तिरुमलाला बालाजीच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी देवळापासून जवळच असलेलं शिलातोरण जरूर पाहावं, ती अस्सल नैसर्गिक कमान आहे. विदर्भात वालुकाश्म भरपूर आहे, एका थराला तर नागपूरजवळच्या कामठीचंच नाव आहे. कमतरता आहे ती खालच्या सरकत्या मिठाची. आपल्या वालुकाश्माखाली निघाला कोळसा.

हे सगळं मी ग्रुपवर दोन रात्री जागून टाइप केलं. हात जोडणाऱ्यांपैकी कोणी काही बोललं नाही. त्या विद्यार्थ्याचा मात्र सकाळी मेसेज आला, ‘सर, मग वारा तिथे काहीच करत नाही का?’

करतो. पाण्यानं सुटी केलेली वाळू उडवून नेतो. धड्याच्या आकृतीत आता तेवढी दुरुस्ती कर, म्हणून त्याला कळवलं.