कोयनेचा रातबेडूक आणि ओढ्यावरचं पान

बहुतेक बेडकांमध्ये मीलनाच्या वेळी नर मादीला पाठीमागून घट्ट मिठी मारतो. पावसाळ्यात कुठल्याही डबक्याकाठी हे दिसतं. कोयनेजवळच्या हुंबरळी परिसरातला ‘बॉम्बे नाइट फ्रॉग’ मात्र ही रीत पाळत नाही. बेडकांचे अभ्यासक एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी भर पावसात रात्री जागून त्याचं चित्रीकरण केलं आणि 2016 मध्ये निष्कर्ष मांडले. तोवर बेडकांच्या मीलनाचे सहा प्रकार माहीत होते. हा सातवा ठरला.

ओढ्यावर झुकलेल्या पानावर बसून नर साद घालतो. या जातीत मादीही आवाज काढते, आणि असं जगात मोजक्याच बेडकांमध्ये आढळतं. मादीचा स्पर्श झाला की नर तिच्या पाठीवर चढतो, पण तिला धरत नाही. त्याचे हात पानावर किंवा फांदीवर टेकलेले असतात. थोड्या वेळाने तो उतरून बाजूला होतो, आणि मग मादी अंडी घालते! त्यानंतर ती मागचे पाय ताणून काही मिनिटं निश्चल बसते. नराने पाठीवर सोडलेले शुक्राणू ओघळत अंड्यांपर्यंत पोचतात, असं अभ्यासकांचं म्हणणं.

अंडी पानावरच वाढतात आणि टॅडपोल, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लं, थेट खालच्या पाण्यात पडतात. म्हणजे या बेडकाला नुसतं स्वच्छ पाणी पुरत नाही, पाण्यावर झुकलेली फांदीही लागते. काठावरची झुडपं ‘साफसफाई’ म्हणून छाटली, तर ओढा वाहता राहूनही बेडकाची वीण थांबते. पाण्याचा नमुना तपासून हे कळणार नाही. त्यासाठी जळवा आणि पाऊस सोसत ओढ्यातच बसावं लागतं. संवर्धनाच्या आराखड्यांत अशा बारकाव्यांना फारशी जागा मिळत नाही, ही माझी तक्रार आहे.

या बेडकाचं शास्त्रीय नाव ‘निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी’. 1955 मध्ये ते मुंबईचे पक्षितज्ज्ञ हुमायुन अब्दुलाली यांच्यावरून ठेवलं गेलं. पुढे बेडकाच्या तंगड्यांच्या निर्यातीविरुद्ध लिहिणाऱ्यांत अब्दुलालीही होते. 1987 मध्ये भारताने ती निर्यात बंद केली. पण तो धोका शेतातल्या मोठ्या, मांसल बेडकांना होता. हुंबरळीच्या या बेडकाच्या तंगड्या कुणाच्याच ताटात जात नव्हत्या. त्याच्यासाठी बंदी हवी ती कोयत्यावर, निदान ओढ्याच्या काठापुरती.