न दुखणारी कावीळ

आमच्याकडं डोळे पिवळे झाले की दवाखान्याआधी झाडपाल्याचं औषध देणाऱ्याचं नाव निघतं. खानापूरकडं जा किंवा निपाणीकडं, पद्धत तीच: तेलकट बंद, उसाचा रस सुरू. विषाणूमुळं झालेली कावीळ बहुतेक वेळा आपणहून उतरते आणि नाव औषधाचं होतं. इथपर्यंत फारसं बिघडत नाही.

बिघडतं ते साठीच्या माणसाच्या बाबतीत. ताप नाही, पोटात कळ नाही. पण लघवी गडद, शौचाला पांढरट, अंगभर खाज आणि वजन उतरत चाललेलं. पित्ताची नळी स्वादुपिंडाच्या (पोटातल्या पॅनक्रियाज ग्रंथीच्या) डोक्यातून आतड्याकडं जाते. तिथं कर्करोगाची गाठ आली तर नळी चेपते आणि पित्त रक्तात उतरतं. स्वादुपिंडाच्या शेपटाकडची गाठ अशी काही खूण देत नाही, गुपचूप पसरते. म्हणजे कावीळ झालेला त्यातल्या त्यात नशीबवान. पथ्यात दोन महिने गेले की ते नशीबही संपतं.

निदान होतं तेव्हा शस्त्रक्रियेजोगे रुग्ण शंभरात जेमतेम पंधरा-वीस असतात. त्यांच्यासाठी व्हिपल शस्त्रक्रिया. अ‍ॅलन व्हिपल यांनी ती १९३५ मध्ये मांडली. स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याची सुरुवात, पित्ताशय काढायचं आणि उरलेलं पुन्हा जोडायचं. पन्नास वर्षांपूर्वी चारातला एक रुग्ण या शस्त्रक्रियेतच दगावे. ती नेहमी होते अशा केंद्रांत आता हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आहे. म्हणून दवाखाना जवळचा की लांबचा यापेक्षा ‘वर्षाला अशा किती करता?’ हे आधी विचारावं. डॉक्टरला राग आला तर येऊ दे.

केमोथेरपीही बदलली. १९९७ च्या चाचणीत जेमसिटाबिन या औषधावर आजार वाढलेले रुग्ण सरासरी साडेपाच महिने जगले. २०११ मध्ये फोल्फिरिनॉक्स हे औषधांचं मिश्रण आलं आणि आजार पसरलेल्यांचा आकडा ११ महिन्यांवर गेला. शस्त्रक्रियेनंतर याच मिश्रणाचा सौम्य प्रकार दिला, तेव्हा २०१८ च्या चाचणीत तो ५४ महिने भरला; जेमसिटाबिनवर ३५. अर्थात हे अंगात ताकद असलेल्यांचे आकडे. ते औषध झेपायला शरीर दणकट लागतं. अमेरिकेत पाच वर्षं जगणारे १९७० च्या दशकात शंभरात तीन-चार होते, आता तेरा आहेत. गोव्याचे मनोहर पर्रीकर याच आजारानं १७ मार्च २०१९ ला गेले, निदानाला सव्वा वर्षही झालं नव्हतं.

निपाणीच्या शिवारातली तंबाखू विडीत जाते. धूम्रपानानं या कर्करोगाचा धोका साधारण दुप्पट होतो. पन्नाशीनंतर अचानक साखर वाढली आणि सोबत वजन घटलं, तर नुसत्या मधुमेहाच्या गोळ्यांवर न थांबता पोटाच्या सीटी स्कॅनचं डॉक्टरांशी बोलावं.

शस्त्रक्रिया होण्यासारखी नसली तरी तोंडावाटे दुर्बीण घालून पित्ताच्या नळीत स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी, बसवता येतो. तुंबलेलं पित्त वाहू लागतं, कावीळ उतरत जाते, केमो देता येते. आणि खाजेनं रात्र-रात्र बसून काढणारा माणूस काही दिवसांत झोपू लागतो.